खालून उघडत नाही

१ फेब्रुवारी २००९, रविवार

फोटोपेपरच्या व्यापाऱ्यानं दिलेली डायरी. जानेवारी सगळा कोरा गेला, म्हणून आज बसलोच. मराठीत लिहितो, कारण माझी शाळा मराठी आणि अब्बा वाचतात फक्त उर्दू. घरात आमचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी. इथे वऱ्हाडीच उतरवीन, खिचडी कोण शिजवत बसेल!

आजची बातमी म्हणजे वरचं कॉम्प्युटर आणि खालचं कॉम्प्युटर अखेर एकमेकांशी बोलायला लागले. खाली आमचा स्टुडिओ आणि माझं जुनं मशीन. वर धाकट्या बहिणीच्या, मिस्बाहच्या खोलीत नवं मशीन, मोठ्या डिस्कचं. मी लग्नं शूट करतो, ती कापून-जोडून फिल्म बनवते. आतापर्यंत सगळा माल जिन्यानं ये-जा करायचा. आता खिडकीतून केबल टाकली, तिच्या मशीनवर एक फोल्डर केलं, आणि ते मी खाली बसून उघडायचं असं ठरलं.

ठरलं खरं, पण दोन्ही मशीनं रुसलेल्या जावांसारखी, एका घरात राहून तोंड पाहीनात. कारण काय, तर तिच्या वर्कग्रुपचं नाव एक आणि माझ्याचं दुसरं. नाव एक केलं तेव्हा माझ्या पडद्यावर तिचं मशीन दिसलं. दिसलं, पण आत शिरू देईना. परवानगी नाही म्हणे. मग फायरवॉल, मग पाहुण्याचं खातं. मिस्बाह वरून ओरडायची, "आता पाह्य!" मी खालून ओरडायचो, "नाई!" शेजारचा टेलर विचारून गेला की घरात भांडण चाललंय का.

शेवटी उघडलं. पण मिस्बाहनं मला फक्त बघायची परवानगी दिली होती. मी म्हटलं, "माझ्याच घरात मी नुसतं बघत बसू काय? मी काय पाहुणा हाय?" तिनं जरा विचार केला आणि सगळी परवानगी दिली. म्हणाली, "भाई, टाकायचं ते टाक. पण मले विचारल्याबिगर पुसू नको."

५ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्बाह कॉम्प्युटर कोर्सच्या परीक्षेसाठी अमरावतीला गेली. खालाकडे, म्हणजे अम्मीच्या बहिणीकडे राहील, पुढच्या शनिवारी येईल. मशीन चालू ठेवून गेली, मला फोल्डर लागेल म्हणून. तिचा स्वतःचा पासवर्ड मात्र कोणाला सांगत नाही. वरच्या खोलीत जाऊन काही करायचं म्हटलं तर करता यायचं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

काल परतवाड्याचं लग्न शूट केलं. घोडी, बँड, आतषबाजी, सगळं. या दिवसांत असं लग्न मिळणं म्हणजे नशीब. गेल्या दोन-तीन वर्षांत लोक शूटिंगवाल्याला बोलवायच्या आधी दहादा विचार करतात, आणि बोलावलंच तर 'फक्त फेऱ्याचं घ्या' म्हणतात.

आज कॅसेट मशीनवर उतरवली आणि वर टाकायला गेलो तर फोल्डरमध्ये जागा नाही. जुन्या फिल्मा पडून होत्या. आमच्यात रीतच आहे, गिऱ्हाईक दारात आल्याशिवाय सीडी लिहायची नाही, नाहीतर लिहिलेल्या सीड्यांवर धूळ बसते. आणि लोक येतात कुठे? मागच्या उन्हाळ्यातली तीन लग्नं, कोणी फिरकलं नाही. मी खालूनच ती तीन पुसली. काहीतरी विचारलं मशीननं. ते नेहमीच विचारतं, मी नेहमीच 'हो' म्हणतो. लागलंच तर रीसायकल बिनमधून परत काढता येतं. परतवाड्याची घोडी ऐसपैस मावली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मूर्तिजापूरकडच्या एका बाई आल्या. सुभद्राबाई. त्यांच्या मुलीचं, शकुनचं लग्न मी मागच्या मे महिन्यात शूट केलं होतं.

अब्बांनी ओळखलं. अब्बा म्हणजे बद्रुद्दीन फोटोवाले, एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाहीत. विचारलं, "देवमनभाऊ कसे हायत?"

"ते नाई आता," बाई म्हणाल्या. "दसऱ्याच्या मागून गेले."

कसे, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. आमच्याकडे हल्ली कोणी विचारत नाही. अब्बांनी स्वतःची खुर्ची पुढे केली.

"शकुन बाळंतपणाले येणार हाय," त्या म्हणाल्या. "फिल्म पायजे होती. फोटो हायत घरी. पण फोटोत ते नुसते तट्ट उभे हायत. मले ते चालताना पायजेत. बोलताना पायजेत."

अब्बा म्हणाले, "बाई, या घरातून काईच जात नाई. माह्या पहिल्या गिऱ्हाइकाची निगेटिव्ह अजून हाय." आणि माझ्याकडे वळून, "काढ रे सरफराज."

तीन लग्नांतलं ते एक होतं. तरी बिन उघडून पाहिला. रिकामा. मूळ कॅसेट म्हणावी तर तिच्यावर मी दिवाळीनंतरच दुसरं लग्न घेतलं. कॅसेट वर्षभर मोडायची नाही ही अब्बांची शिस्त, पण मंदीत कोण पाळतो?

तोंडातून निघून गेलं, "खालून उघडून नाई राहिलं, अब्बा. नेटवर्क बंद हाय. मिस्बाह आली का काढतो."

बाईंनी मान डोलावली. शिवरात्र झाली की येते म्हणाल्या. अब्बांनी त्यांना चहा पाजला. मला तो चहा करायला सांगितला, आणि मी साखर दोनदा घातली.

११ फेब्रुवारी, बुधवार

घाबरायचं कारण नाही. माझ्या बिनमध्ये नाही म्हणजे मिस्बाहच्या बिनमध्ये असणार, फोल्डर तिचं आहे ना. ती आली, पासवर्ड टाकला, की गुपचूप परत काढीन.

पण तोवर अब्बा माझ्या मागे उभे राहून 'उघडून दाखव बरं' म्हणाले तर? म्हणून माझ्या वर्कग्रुपचं नाव बदलून ठेवलं. आता खरंच उघडत नाही. म्हणजे मी खोटं बोलतोय असं तरी कोण म्हणेल?

हे वाक्य लिहून परत वाचलं. लाज वाटली. खोडत नाही, राहू दे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मिस्बाह आली. पाणी प्यायच्या आधीच अब्बांनी सुभद्राबाईंचं सांगितलं. ती बुरखा काढत काढतच वर गेली. मी मागून जाणार होतो, अम्मीनं अडवलं, "तिले बसू तर दे!"

बऱ्याच वेळानं खाली आली. चेहरा उतरलेला. "ते फिल्म नाई. अजून दोन लग्नं नाईत."

"रीसायकल बिनमध्ये पाह्यलं?" मी घाईनं विचारलं. जरा जास्तच घाईनं.

"पाह्यलं. काईच नाई." मग माझ्याकडे बघून, "भाई, खालून काई झालं काय?"

अब्बा ऐकत होते. मी म्हटलं, "खालून तर उघडतच नाई ना! तू गेली तवापासून बंद हाय."

"मी गेली तवापासून?"

"हो. त्याच दिवसापासून."

अब्बा बोलले. मोठ्यानं नाही, पण मला ते मोठ्यानं बोलले असते तर बरं वाटलं असतं. "खालून बंद होतं, म्हणजे वरूनच गेलं. परीक्षेच्या नादात काय पुसलं, पाह्य."

बिनमध्ये का नाही, हे मला अजून कळत नाही. माझ्या बिनमध्ये नाही, तिच्याही नाही. मग गेलं कुठे?

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून मिस्बाह नेटवर्क तपासत होती. तिला बिघाड शोधून काढायचाच होता. मी नको म्हणू शकलो नाही, मीच तर बंद आहे म्हणून ओरडत होतो.

आधी केबल. दोन्ही टोकांच्या पिना काढून परत बसवल्या. मग दुसरी केबल टेलरच्या गॅलरीवरून ओढून आणली. मग फायरवॉल बंद करून पाहिली. मध्येच भारनियमनाची वेळ झाली, लाईट गेली, ती जिन्यात बसून राहिली. लाईट आल्यावर परत सुरू. "भाई, आता पाह्य!" मी म्हणायचो, "नाई." पंधरा दिवसांपूर्वी हेच चाललं होतं तेव्हा आम्ही हसत होतो.

तिच्या बोटाला केबलचं पत्र्याचं टोक लागलं. फडकं गुंडाळून तशीच खाली आली आणि माझ्या मशीनवर बसली. मी म्हटलं, "इथं काई नाई." तिनं ऐकलं नाही.

"भाई, तुह्या वर्कग्रुपचं नाव बदललं हाय."

"लाईट जाते-येते, त्यानं झालं असन."

"लाईटनं नाव बदलत नाई." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कॅमेऱ्याची बॅटरी शोधायला लागलो. तेवढ्यात अम्मीनं जेवायला हाक मारली, आणि अम्मीचे मी आयुष्यात इतके आभार कधी मानले नसतील.

नाव तिनं दुरुस्त केलं. फोल्डर उघडलं. आनंद मात्र कोणालाच झाला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्बाहनं पुसलेलं परत काढायचा एक प्रोग्राम कुठूनतरी आणला. दिवसभर चालला. शकुनच्या फिल्मचं नाव सापडलं, तेव्हा मी मनातल्या मनात दोन रकात नफल नमाज कबूल केली.

फिल्म सुरू झाली. हळदीचा मांडव, बायका, आणि लगेच चित्र फुटलं. चौकटीच चौकटी. मग एकदम घोडी, बँड, परतवाड्याचा नवरदेव. मग परत दोन क्षण शकुनचे हळदीचे हात. मग आतषबाजी, आणि पुढे सगळं परतवाडाच. जिथून जुनं पुसलं, त्याच जागेवर नवं जाऊन बसलं होतं.

"हे लग्न कवाचं?" मिस्बाहनं विचारलं.

"सहा तारखेचं," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली, आणि बंद केलं. मला वाटलं होतं ती आणखी काही विचारेल. नाही विचारलं. सुटलो.

सुटलो असं लिहिलंय खरं, पण जेवण गेलं नाही. ते हळदीचे हात डोळ्यांपुढून हलत नाहीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज मिस्बाह अब्बांपुढे गेली आणि म्हणाली, "माह्याच हातून गेलं, अब्बा. जागा करताना पुसलं असन."

मी दारात होतो. मला वाटलं, हिला खरंच तसं वाटतंय. बिचारीनं इतकं शोधलं की शेवटी स्वतःवरच संशय घेतला. आत्ता बोलावं, आत्ता, असं म्हणता म्हणता अब्बांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि वेळ निघून गेली. वेळ काय, हिंमत निघून गेली.

अब्बा म्हणाले, "मशीन खाली आण. आता सरफराज पाहीन. तू बस झालं."

तिला काम करायचं होतं. शिलाईच्या पैशांतून कोर्स केला होता तिनं. फिल्मच्या शेवटी 'संकलन: मिस्बाह' असं लिहायची, दोन सेकंद. गिऱ्हाइकाला ते दिसायचंही नाही. ते आता जाणार, माझ्यामुळे.

जाता जाता बघितलं तर फोल्डर खालून उघडतं, पण त्यात काही टाकता येत नाही, पुसताही येत नाही. कुठलीतरी सेटिंग राहिली असेल तिच्याकडून. आता मशीनच खाली येणार, कशाला विचारू.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन खाली आलं. जुम्मा होता, नमाजहून परत येताना अब्बा मोहल्ल्यात दोघांना म्हणाले, "आता लडका सगळं पाह्यते." लडक्याला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

मला तो प्रोग्राम येत नाही. मिस्बाहच शिकवते. हे कापायचं असं, जोड असा द्यायचा, आवाज इथून उतरवायचा. एकदाही चिडली नाही. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली तरी पहिल्यासारखंच सांगते. ती चिडली असती तर मी बोलून टाकलं असतं, असं मला वाटतं. पण हेही स्वतःला सोडवणंच झालं.

अम्मी म्हणाली, "बरंच झालं. आता रिकामी हाय, तर रिश्त्याचं पाहू." मिस्बाह पीठ मळत होती. मळत राहिली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सुभद्राबाई आल्या. काल शिवरात्र झाली, आज सकाळच्या गाडीनं हजर. सोबत पिशवीत तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, अम्मीसाठी. अम्मीनं पिशवी घेऊन टेबलावर ठेवली आणि आत गेली ती बाहेरच आली नाही.

अब्बांनी मिस्बाहला बोलावलं. "सांग बाईले."

ती सांगायला लागली. "मावशी, माह्या हातून एक..." आणि माझ्या तोंडून शब्द फुटले. कसे फुटले मला ठाऊक नाही. इतके दिवस मनात घोकलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "तिनं नाई. मी पुसलं. खालून पुसलं, नव्या लग्नाले जागा पायजे होती म्हणून. नेटवर्क बंद नवतंच. कॅसेटबी मीच मोडली."

अब्बा टेबलाकडे बघत राहिले.

सुभद्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोणी पुसलं याचं मी काय करू, भाऊ," म्हणाल्या. "हाय का नाई, तेवढं सांगा."

"नाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमी तं होते तिथं. तुमीच सांगा मंग. कसे दिसत होते ते? काय करून राहिले होते?"

मी आठवायला लागलो. मांडव आठवला, प्रकाश कुठून येत होता ते आठवलं. देवमनभाऊ आठवेनात. वर्षाला इतकी लग्नं, इतके मुलीचे बाप. माझ्या कॅमेऱ्यातून ते गेले असणार, मी फोकस केला असणार. काही आठवत नव्हतं.

"ते बसलेच नाई," मिस्बाह म्हणाली. ती खाली, बाईंच्या पायांशी बसली. "पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होते. डावा पाय जरा ओढत."

"काटा भरला होता त्या हप्त्यात," सुभद्राबाई एकदम म्हणाल्या. "काढू देत नवते."

"डोक्याले पिवळा रुमाल होता. मंगलाष्टकं झाली तरी अक्षता टाकाच्या विसरले. मूठ तशीच धरून उभे. सगळे हटले ना, तवा हळूच एकट्यानं टाकल्या, आन् इकडंतिकडं पाह्यलं, कोणी पाह्यलं तं नाई."

बाई हसल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही. "असेच होते. अजून सांग."

मिस्बाह सांगत राहिली. तिनं ती फिल्म कापताना किती वेळा पाहिली असेल! कुठल्या बाईला त्यांनी सावलीत बसवलं, जावयाचा हात कसा अवघडून धरला, शकुन निघाली तेव्हा बैलांपाशी जाऊन कसे उभे राहिले, सगळं.

"आन् बोलले काय? त्यात बोलले काय काई?"

"एकदाच. कॅमेऱ्याजवळ आले आन् भाईले म्हणाले, 'जेवले का, भाऊ? आधी जेवून घ्या, लग्न काई पळून नाई जात.'"

ते माझ्याशी बोलले होते. मला आठवत नाही. मी जेवलो की नाही, तेही आठवत नाही.

जाताना सुभद्राबाईंनी मिस्बाहचा हात धरला. "शकुन आली का तिले घेऊन येतो. तिलेबी असंच सांगजो, बाई." माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बरोबरच केलं.

त्या गेल्यावर मी मिस्बाहला विचारलं, "तुले माहीत होतं?"

"सहा तारखेचं लग्न माह्या फोल्डरमध्ये बसून होतं, भाई. ते काय जिन्यानं चढून आलं?" ती शेंगांची पिशवी उचलत होती. "आन् माह्या मशीनवरून पुसलं असतं तं बिनमध्ये राह्यलं असतं. नेटवर्कवरून पुसलेलं कोणाच्याच बिनमध्ये जात नाई."

"मंग बोलली कावून नाई? वरून सोताचं नाव घेतलं!"

"वाट पाहत होती, तू बोलतो का म्हणून. पंधरा तारखेले पाह्यली, सतरा तारखेले पाह्यली. मंग कटाळली. मी बोलली असती तं अब्बांनी मानलं असतं?"

मी म्हटलं, मानलं असतं. ती आत गेली.

मी अब्बांसमोर जाऊन उभा राहिलो. मशीन काढून घेतील, स्टुडिओतून बाहेर काढतील, निदान एक कानाखाली तरी. मला ते हवं होतं, खरं सांगतो. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे बेटा. चूक होते माणसाकून. एवढं मनाले लावून नाई घ्याचं."

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतला शेंगा सोलण्याचा आवाज थांबला, आणि जरा वेळानं परत सुरू झाला.

मी मिस्बाहच्या मशीनच्या वायरी काढल्या. डबा उचलला आणि जिन्याकडे निघालो. अब्बा मागून म्हणाले, "राहू दे ना आता खालीच. काय घाई हाय?"

मी थांबलो नाही. पडदा, कीबोर्ड, सगळं खेपा करून वर नेलं, टेबलावर मांडलं, तिची केबल तिच्या भोकात घातली. शेवटच्या खेपेला मिस्बाह येऊन दारात उभी होती, हात ओले. मला माफी मागायची होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"मंग जा खाली."

मी खाली आलो.